दोन कड्यांची पेटी

"पेटी घेताना आधी तिच्यावर उभं राहायचं."

हे वाक्य मी भाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आजही एखाद्या दुकानापुढे लोखंडी पेट्या रचलेल्या दिसल्या की माझा पाय आपोआप उचलतो. भाऊ नुसतं सांगून थांबायचे नाहीत. चपला काढून बाजूला जोडीने ठेवायचे, पेटीवर चढायचे, शाळेत झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ उभे राहायचे आणि मग एक छोटीशी उडी मारायचे. झाकण कुरकुरलं, की खाली उतरून दुकानदाराला म्हणायचे, "ही पापड ठेवायला चांगली आहे. आता पेटी दाखवा."

त्यांचं नाव सांगत नाही. माणूस अजून शनिवार पेठेत राहतो, धडधाकट आहे, आणि हे कुणी वाचून दाखवलं तर ‘भाषा बरी आहे’ एवढंच म्हणेल. मी त्यांना भाऊ म्हणायचो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आता राग इतका आहे, की सरळ अरेतुरे करावंसं वाटतं, पण जीभ वळत नाही. सवय आहे. म्हणून ‘ते’ म्हणतो. तुम्ही तो मान समजू नका.

आमचा धंदा शटरदुरुस्तीचा. दुकानांची ती लोखंडी शटरं तुम्ही रोज बघता, पण एवढं जड धूड वर जाऊन तिथेच कसं राहतं, याचा विचार तुम्ही केला नसणार. करायचं कारणही नाही. वर पाइपात जाड स्प्रिंग असते, तिला पीळ दिलेला असतो आणि त्या पिळाच्या जोरावर शटर तोललेलं असतं. पीळ सुटला की दुकानदार सकाळी शटरला खांदा लावून घामाघूम, आणि मग फोन आम्हाला.

पीळ देणं हे दोन माणसांचं काम. मोठा पाना लावून एकाने पाइप फिरवायचा, दुसऱ्याने आपला पाना लावून तो तिथेच अडवायचा. पहिला आपला पाना काढून पुन्हा लावेपर्यंत सगळा जोर दुसऱ्याच्या हातात असतो. त्या वेळी दुसऱ्याला शिंक आली तर पहिल्याचं मनगट गेलंच म्हणून समजा. फिरवायचे भाऊ, अडवायचो मी. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "धरलंय?" मी म्हणायचो, "धरलंय." हे ऐकल्याशिवाय त्यांनी कधी हात काढला नाही. दिवसातून किती वेळा म्हणत असू, देव जाणे. घरी बायको भाजीचं पातेलं हातात द्यायची, तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघायचं.

आम्ही दोघं एका वर्कशॉपात कामाला होतो. ते बंद पडलं, तेव्हा मी डोक्याला हात लावून बसलो होतो. भाऊ शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, तू विश्रांतवाडीचा, मी शनिवार पेठेतला, मधे आणि पलीकडे सगळं पुणं पसरलंय, शटर काय कमी आहेत? झालं, ठरलं. कागद नाही, करार नाही. दुसऱ्या रविवारी ते मला जुन्या बाजारात घेऊन गेले. म्हणाले, जोडी जमवायची तर आधी पेटी पाहिजे.

त्या दिवशी भाऊ जुन्या बाजारातल्या इतक्या पेट्यांवर उभे राहिले, की आमच्यामागे बघ्यांची गर्दी झाली. एक विक्रेता वैतागून म्हणाला, "काका, पेटी घ्यायचीय का भाषण करायचंय?" भाऊ चिडले की एकदम ‘आपण’वर यायचे. आम्हा पुणेकरांना शिवी लागत नाही. "आपण शांत बसावं. मी आपल्या मालाची तपासणी करतो आहे, ती आपणच करायला हवी होती." त्यांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर होतं. शटरचा पाइप उंच असतो, आमच्याकडे शिडी नव्हती, तेव्हा हत्यारांची पेटीच पायाखाली घ्यायची होती. जिच्यावर उभं राहता येत नाही ती पेटी आमच्या काय कामाची?

शेवटी एक हिरवी पेटी मिळाली. मजबूत, झाकण कुरकुरत नव्हतं, वर छान जाड मूठ. मला ती फार आवडली. भाऊ तिच्यावर उभे राहिले, उडी मारली, खाली उतरले आणि मूठ बघून म्हणाले, "नको."

मी विचारलं, का नको?

"वरची मूठ एकट्या माणसाला लागते. आपण एकटे आहोत का?"

मग त्यांनी एक करड्या रंगाची, हिच्याहून थोडी लांब पेटी काढायला लावली. वर मूठ नाही, दोन्ही अंगांना दोन कड्या. एक कडी त्यांनी धरली, एक मी. बाजारातून स्कूटरपर्यंत पेटी आमच्या दोघांच्या मधे झुलत होती. लग्नातही मला इतकं भरून आलं नव्हतं, असं मी नंतर बायकोला सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही.

पेटी राहायची भाऊंच्या जिन्याखाली. मी सकाळी विश्रांतवाडीहून स्कूटर घेऊन जायचो, पेटी पुढे पायांपाशी आडवी ठेवायची, मागे भाऊ. पेठेतलं काम असेल तर स्कूटर न काढता पेटी हातात धरून चालत जायचो. रस्त्यात खड्डा आला, गाय आली, की न बोलता दोघं एकाच वेळी बाजूला व्हायचो. लोक वाट द्यायचे. एखादा तरुण मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून हैराण करायचा, तेव्हा भाऊ पेटी तिथेच खाली ठेवून तिच्यावर बसायचे आणि म्हणायचे, "आपण पुढे व्हा. आपल्याला जगबुडीच्या आत पोचायचं असेल."

खंडेनवमीला पेटी बाहेर अंगणात यायची. भाऊ हत्यारांची पूजा करायचे. आमच्या घरात ती पद्धत नाही. आम्ही बौद्ध. दुसऱ्या दिवशीचा दसरा आमच्याकडे मोठा, पण त्याचं कारण वेगळं. तरी खंडेनवमीला मी जायचोच, कारण वर्षातून एकदा सगळी हत्यारं काढून पुसणं आणि तेल लावणं हे माझं काम. भाऊ ओल्या बोटांनी हळदकुंकू लावायचे आणि मी त्यांच्यामागून फडकं घेऊन फिरायचो, कारण हळदीच्या ओलाव्याने पान्यांना गंज चढतो. ते चिडायचे. मग तडजोड झाली. हळदकुंकू फक्त पेटीच्या झाकणाला, तेल हत्यारांना. दसऱ्याला मी सकाळी पांढरे कपडे घालून घरच्यांबरोबर विहारात जायचो आणि संध्याकाळी भाऊ-वहिनी आमच्याकडे खीर खायला यायचे. इतकी वर्षं त्यात खंड पडला नव्हता.

आता ते सांगतो, ज्याच्यामुळे माझी कंबर गेली.

बिबवेवाडीत एक भांड्यांचं दुकान आहे. आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथलं शटर ज्यातून वरखाली सरकतं त्या बाजूच्या पट्टीतून सुटलं होतं. भाऊ पेटीवर उभे राहून डाव्या हाताने पट्टी जागेवर बसवत होते आणि मी खाली होतो. वरचा खिळा तुटला आणि अख्खं शटर खाली यायला लागलं. भाऊंची बोटं पट्टीत. ते ‘धर’ म्हणायच्या आधीच मी पाठ लावली होती. मान खाली, हात गुडघ्यांवर, पाठीवर शटर. भाऊंनी बोटं सोडवून काढेपर्यंत मी तसाच. दुकानाचे मालक आणि शेजारचे दोघं धावत आले, शटर धरलं, आणि मी तिथेच पातेल्यांच्या ढिगात आडवा झालो. उठता येईना.

भाऊंची बोटं शाबूत राहिली. नुसती काळीनिळी झाली. माझ्या कमरेचं मात्र लांबलं. झोपून राहायला सांगितलं होतं. भाऊ रोज बसने विश्रांतवाडीला यायचे, वहिनींनी दिलेली खिचडी डब्यात घेऊन. आभार वगैरे मानणं त्यांच्या स्वभावात नाही. माझी बायको एकदा म्हणाली, भाऊ, बोटं वाचली हे बरं झालं. तर म्हणाले, "डाव्या हाताची होती. त्यांचा तसाही फारसा उपयोग नव्हता." आणि मग भिंतीकडे बघत बसले. डोळे पुसले की काय, मला पडल्या पडल्या दिसलं नाही.

मी कामावर परत गेलो, तेव्हा पेटीच्या एका कडीला लाल रंग फासलेला होता. विचारलं तर म्हणाले, ही बाजू माझी. पेटीच्या आतही त्यांनी सगळी मांडामांड बदलली होती. मी सवयीने हातोडा कुठेतरी टाकला तर खेकसायचे. "हातोडा माझ्या बाजूला. माझं सामान मला हाताशी लागतं." पान्यांचंही तेच. पेठेतल्या माणसाला सगळं जागच्या जागी लागतं, वयाबरोबर खोडी वाढतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

मला त्या दिवसांत खरं कौतुक माझ्या कमरेचं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले होते जड उचलायचं नाही, आणि मी तर रोज पेटी उचलत होतो, बिनतक्रार. बायकोला म्हणायचो, बघ, लोखंड आहे लोखंड. उलट दम भाऊंनाच लागायचा. चौकाचौकाला पेटी खाली ठेवायचे, हात झटकायचे. मी चेष्टा करायचो, भाऊ, वय झालं तुमचं. ते म्हणायचे, "झालं खरं. उचल." मी उचलायचो.

मधल्या काळात मोटारीची शटरं आली. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. आम्ही दोघांनी त्यांची मनसोक्त टिंगल केली. लाइट गेल्यावर आत अडकलेल्या दुकानदाराची नक्कल भाऊ फार छान करायचे. त्या शटराला स्प्रिंग लागत नाही, पीळ लागत नाही, दुसरा माणूसही लागत नाही. कंपनीचा एक जण येतो, चार स्क्रू आवळतो आणि जातो. भाऊ म्हणायचे, ते काम नव्हे, ती हजेरी.

या वर्षी उन्हाळ्यात भाऊ दुपारनंतर काम सोडून जायला लागले. वहिनींचे गुडघे दुखतात, डॉक्टरकडे न्यावं लागतं, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जा, मी बघतो. दुपारची छोटी कामं मी पेटी जिन्याखालीच ठेवून, दोन पाने कापडी पिशवीत घालून एकट्याने उरकायला लागलो. माझ्या बायकोने ओळखीच्या वैद्यांकडून गुडघ्यांचं तेल आणून दिलं. ते द्यायला गेलो, तर वहिनी मंडईतून दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन तरातरा येत होत्या. मला बघून थबकल्या. मी तेलाची बाटली दिली. त्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "लावते हो." वर चहाला चला म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, थकल्या असतील. गुडघ्यांना आराम पडलेला दिसतोय, म्हणून बरंही वाटलं. बघा माझी अक्कल.

आणि मग गणपतीच्या आधी भाऊ म्हणाले, "चल, बोहरी आळीत जाऊ. एक पिशवी घ्यायचीय. हत्यारांची."

मला मनापासून आनंद झाला. गेलं वर्षभर बायको माझ्या मागे लागली होती, की ती अवजड पेटी सोडा आणि खांद्याला लावायची पिशवी घ्या. मी एकदा हे भाऊंपाशी बोललो होतो. तेव्हा त्यांनी विषय बदलला होता. आता आपणहून चला म्हणतात, म्हणजे मनात ठेवलं होतं तर. माझ्या कमरेसाठी माणूस आपली लाडकी पेटी सोडायला निघाला, असं मला वाटलं. सबंध रस्ताभर मी त्यांच्याशी गोडगोड बोलत होतो.

दुकानात पिशव्या टांगलेल्या होत्या. नायलॉनच्या, कॅनव्हासच्या, चेनच्या, बिनचेनच्या. भाऊ एरवी दुकानदाराला बोलू देत नाहीत, पण त्या दिवशी मागेच उभे. मीच पुढे झालो. चेनची नको म्हटलं, लोखंडाचा कीस दातांत अडकतो आणि चेन बसते. तळ कडक रबराचा पाहिजे, ओल्या फरशीवर ठेवली तरी आत ओल जाऊ नये. तोंडाला आतून तार पाहिजे, म्हणजे उघडी ठेवली की उघडीच राहील, वरून बघणाऱ्याला हवं ते हत्यार दिसेल. पट्टा रुंद, खांद्याला गादी असलेला. बाहेरून कप्पे, टेस्टर आणि पेचकसांना. एकेक पिशवी खांद्याला लावून मी दुकानाबाहेर जाऊन चालून यायचो. शेवटी एक मनासारखी मिळाली. खाकी कॅनव्हासची. वर धरायला जाड मूठही होती.

मी पट्टा माझ्या मापाने बसवला. भाऊंनी तो काढून घेतला आणि आपल्या खांद्याला लावून दोन घरं कमी केला. म्हटलं ठीक आहे, आज ते धरतील, उद्या मी. गमतीने विचारलं, "भाऊ, हिच्यावर उभं कसं राहणार?"

"शिडी असते आता," ते म्हणाले.

आमच्याकडे शिडी कुठे होती? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी मात्र त्यांना आग्रहाने उसाचा रस पाजला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, भाऊंनी माझ्या कमरेसाठी पिशवी घेतली. तिने लगेच फोन करून वहिनींना दसऱ्याच्या खिरीचं आत्ताच आमंत्रण दिलं. वहिनी म्हणे बघू म्हणाल्या.

गणपतीत काम बंद असतं. एका सकाळी दाराशी छोटा टेंपो आला आणि दोघांनी आमची पेटी उतरवून ओट्यावर भिंतीशी ठेवली. आत सगळी हत्यारं. मी भाऊंना फोन केला. म्हणाले, जिन्याखाली वाळवी लागलीय, राहू दे तुझ्याकडे, आणि फोन ठेवला. लोखंडी पेटीला वाळवी काय करणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पेटीवर चादर टाकली. गणपती उठल्यावर फोन केले, ते उचलेनात. तब्येत बरी नसेल म्हणून काळजी करत बसलो.

पितृपंधरवड्यात खरेदी नसते, म्हणून दुकानदार डागडुजी काढतात. आमची ती सुगी. बिबवेवाडीच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर आम्ही दरवर्षी त्या दिवसांत तेलपाणी करून द्यायचो. भाऊ नाहीत तर नाहीत, निदान तेवढं तरी करून येऊ म्हणून मी तेलाचा डबा आणि दोन पाने कापडी पिशवीत घालून गेलो.

दुकानापुढे ॲल्युमिनियमची उंच शिडी लावलेली होती. आमचा जुना स्प्रिंगचा पाइप उतरवून रस्त्यावर टाकलेला. शिडीवर भाऊ. डोक्याला कंपनीची टोपी. शिडीच्या आकड्याला ती खाकी पिशवी लटकत होती, तोंड छान उघडं, वरून सगळी हत्यारं दिसतील अशी.

मी खाली उभा राहून वर बघत होतो. मालकांनी मला बघितलं आणि ते गडबडीने आत भांडी मोजायला गेले. मोबाइल घेऊन एक तरुण उभा होता, कंपनीचा सुपरवायझर. त्याने माझ्या पिशवीतला पाना बघून विचारलं, तुम्ही काकांबरोबर काम करायचात तेच का? मी हो म्हटलं. तो फार आपुलकीने बोलला. त्याचा काही दोष नाही.

"कंबर कशी आहे आता? वाईट झालं. आम्ही दोघांनाही बोलावलं होतं हो. काका म्हणाले, तो आता कामातून गेलाय, त्याच्याने होणार नाही."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ते सावकाश खाली उतरले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"आपण कधी आलात?" ते म्हणाले.

आपण. मला. ज्या दुकानात मी त्यांच्या बोटांसाठी पाठ लावली, त्याच दुकानाच्या दारात. मी एवढंच विचारलं, भाऊ, मला एकदा विचारलं का नाहीत?

ते हात पुसत राहिले. मग रस्त्यावरच्या पाइपाकडे बघत म्हणाले, "तुला झेपलं नसतं." आणि शिडी चढून गेले. वर मोटारीला हात घालताना त्यांनी खाली न बघता विचारलं, "धरलंय?"

माझे हात शिडीकडे गेले होते, खोटं कशाला बोलू. पण तो तरुण मोबाइलमधून डोकं न काढता एक हात शिडीला लावून म्हणाला, "हो काका." मी तिथून निघालो. तेलाचा डबा दुकानाच्या पायरीवर राहिला.

तुम्ही म्हणाल, माणसाने पोटासाठी काम बदललं, त्यात एवढं काय. बदलू दे की. मला सांगितलं असतं तर मीच त्यांना स्कूटरवर बसवून कंपनीच्या दारात सोडून आलो असतो. दोघांना बोलावलं होतं, तरी एकटे गेले, तेही एक वेळ सोडा. पण कामातून गेलाय? जी कंबर त्यांच्यासाठी गेली, तीच पुढे करून मला बाहेर काढलं? आणि ज्या पिशवीने मला सोडून जायचं, ती निवडायला मलाच घेऊन गेले? पट्ट्याची गादी मी दाबून बघत होतो, तेव्हा ते शेजारी उभे राहून काय विचार करत होते, हे मला एकदा कळायला पाहिजे. दुसरं काही नको.

परवा खंडेनवमी झाली. त्या दिवशी पेटी उघडायचीच, इतक्या वर्षांचा नेम. बायको म्हणाली, कशाला जखम उकरता? मी ओट्यावर गेलो, चादर काढली. टेंपोवाल्यांनी पेटी अशी ठेवली होती, की लाल कडी माझ्याकडे आणि माझी बाजू भिंतीकडे. पेटी बाहेर ओढायची म्हणून मी लाल कडी धरली आणि नेहमीसारखी उचलायला गेलो.

उचलली गेली नाही.

मला वाटलं कशात तरी अडकलीय. वाकून बघितलं. अडकली नव्हती. पुन्हा लावली ताकद, तेव्हा जेमतेम वीतभर उठली. मग मी झाकण उघडलं. भाऊंच्या बाजूला हातोडा, पहार, दोन्ही मोठे पाने, छिन्न्यांचा गठ्ठा, तळाशी तर ऐरणीचा जुना तुकडा. माझ्या बाजूला पेचकस, तेलाची पिचकारी, फडकी, तारेचं वेटोळं आणि दोरी.

मी तिथेच फरशीवर बसलो. मी परत कामावर गेलो त्या दिवसापासून भाऊ हे वजन एकटे वाहत होते. चौकाचौकाला दम खात होते आणि मी त्यांच्या वयाची चेष्टा करत होतो. लोखंड झालेली माझी कंबर म्हणजे ही फडकी आणि दोरी. त्यांच्या लेखी मी त्या दिवशीच कामातून गेलो होतो. जड सामान आपल्या बाजूला घेताना त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि माझ्या वतीने कंपनीला नाही सांगतानाही विचारलं नाही. माझ्या जिवाची काळजी होती म्हणावं, तर मग त्या माणसाने माझ्या कमरेची खरी अवस्था माझ्यापासूनच लपवून ठेवली होती. डोळ्यांत पाणी आलं ते मायेचं की संतापाचं, मला सांगता येणार नाही. संतापाचं जास्त होतं.

बायको चहा घेऊन आली. मला तसं बसलेलं बघून कप ठेवून उभी राहिली.

मी एकेक हत्यार बाहेर काढलं, पुसलं, तेल लावलं. झाकणावर गेल्या वर्षीच्या हळदकुंकवाचा डाग होता, तो राहू दिला. मग रिकामी पेटी वळवून घेतली आणि सगळं परत भरलं. हातोडा माझ्या बाजूला. पहार, पाने, छिन्न्या, ऐरणीचा तुकडा, सगळं माझ्या बाजूला. लाल बाजूला फडकी आणि दोरी. झाकण लावलं, माझी कडी धरली, गुडघे वाकवले. बायको म्हणाली, अहो, नका.

उचलली. कमरेत अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली, पण माझी बाजू जमिनीपासून गुडघ्यापर्यंत उचलली आणि धरून ठेवली. दुसरी बाजू, लाल कडीची, जमिनीवर टेकलेलीच होती. ती उचलायला कुणी नव्हतं.

झेपत होतं, भाऊ. एकदा विचारायचं होतं.